बँडसॉपाशी अकरा दिवस

प्रिय मास्तरीणबाई,

माझं सगळं बदललं ते गेल्या मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, मामांच्या जुन्या बँडसॉनं एक फळी रेघ न सोडता या टोकापासून त्या टोकापर्यंत कापली तेव्हा. तुला वाटलं असेल, तू नाही म्हणालीस त्या दिवशी बदललं. मलाही तसंच वाटत होतं. पण त्या दिवशी मी नेहमीसारखा भडकलो, एवढंच. भडका हे नाव तू मला उगाच नाही ठेवलंस.

बसथांब्यावर जे बोललो ते आठवून अजून कान तापतात. तू हळू आवाजात सांगत होतीस की लग्न ठरलंय, तुझ्या मनानं ठरलंय, कुणी जबरदस्ती केलेली नाही. आणि मी सगळ्या रांगेसमोर म्हणालो, बघतोच कसं होतं ते, त्या दिवशी तुझ्या दारात येऊन उभा राहतो. तुझा चेहरा उतरला. परीक्षेच्या हॉलचं दार आपटून मी कॉलेज सोडलं तेव्हाही तो असाच उतरला होता. तरी माझी विसरलेली बॅग घेऊन फाटकापर्यंत धावत आलीस. त्या बॅगेचे आभार राहिलेत. आज मानतो. अजून बरेच राहिलेत.

थांब्यावरून मी बसमध्ये चढलो, शेवटपर्यंत गेलो, तसाच परत आलो आणि संध्याकाळी वर्कशॉपमध्ये शिरलो ते मामांना सांगायला, की आत्ताच तिच्या वडिलांकडे जाऊन काय तो सोक्षमोक्ष लावतो. मामा रंधा मारत होते. मान वर न करता म्हणाले, जा की, तुला कुणी धरलंय? पण आधी हे मशीन सरळ कापायला लाव. तू परत कधी येणार आणि कुठल्या अवस्थेत येणार, काही भरवसा नाही.

बँडसॉ म्हणजे माणसाच्या उंचीचं मशीन. वर एक चाक, खाली एक चाक, आणि दोन्हींवरून गरगर फिरणारं दातेरी पातं. मामांचं मशीन माझ्याहून वयानं मोठं आणि फळी घातली की डावीकडे पळणारं. मी म्हटलं, दोन तासांचं काम. अकरा दिवस लागले.

पातं ढिलं आहे म्हणूनच पळतंय अशी माझी खात्री. म्हणून ताण वाढवत गेलो, वाढवत गेलो, आणि गोळी सुटल्यासारखा आवाज होऊन पातं तुटलं. मामा म्हणाले, झालं समाधान? आता दुसरं बसव. दुसरं बसवलं तर फळी कापेचना, नुसती थडथड उडायची आणि धूर यायचा. अर्धा दिवस मी दिसेल तो स्क्रू पिळत होतो. मामा चहाचा कप घेऊन शेजारी उभे. चहा संपवून म्हणाले, भाचेसाहेब, पात्याचे दात खाली बघतात की वर, हे शिकवायच्या आतच कॉलेजातून निघून आलात वाटतं. पातं मी उलटं बसवलं होतं. तू असतीस तर हसून हसून बाकावरून पडली असतीस. मी हातातला पाना भिरकावला. मग तोच शोधायला भुशात रांगावं लागलं, आणि रांगता रांगता खालचं चाक पहिल्यांदा नीट दिसलं. त्याच्या रबरावर कित्येक वर्षांचा भुसा दगडासारखा बसला होता आणि पातं त्या टेंगळांवरून उड्या मारत होतं. तो खरवडून काढण्यात तीन दिवस गेले.

मग पात्याच्या दोन्ही बाजूंचे ठोकळे. पातं इकडे तिकडे हलू नये म्हणून ते असतात. मामा म्हणाले, मध्ये कागदाएवढी फट ठेव, चिकटवलेस तर त्याचा गळा दाबशील. कागदासाठी खिशात हात घातला तर बसचं तिकीट निघालं. त्याच दिवसाचं. फाडून टाकणार होतो. मग पात्याला लावलं, ठोकळा सरकवला, तिकीट ओढून काढलं, पुन्हा लावलं. चार दिवसांत त्यावरचे आकडे पुसून गेले.

तरी फळी डावीकडेच. ती टेकवून पुढे सारायला टेबलावर एक लोखंडी पट्टी असते. मी फळी तिच्यावर दाबून धरायचो आणि अंगातला सगळा जोर लावून ढकलायचो. मंगळवारी मामांनी ती पट्टीच काढून ठेवली. म्हणाले, रेघ मार, नुसत्या हातानं काप आणि फळी कशी धरली की मशीन खुशीनं कापतं तेवढं बघ. फळी जराशी तिरकी धरावी लागत होती, बस. अर्ध्यात मशीन बंद केलं, फळी होती तशीच धरून टेबलावर पेन्सिल ओढली आणि पट्टी त्या खुणेला लावून आवळली. पुढची फळी दोन बोटांनी सारली. मशीनची कुरकुर थांबली आणि फळी रेघेवरून सरळ गेली. त्याची स्वतःची एक चाल होती, आणि मी अकरा दिवस तिच्याशी कुस्ती खेळत होतो. मी तिथंच स्टुलावर बसलो. तुला कुठं जायचंय हे तू मला कितीदा सांगितलं होतंस. दर वेळी मी फक्त जोर वाढवला.

मामांनी हात पुसायला फडकं दिलं. म्हणाले, झालं मशीन, आता तू मोकळा. जायचं तर जा. मी म्हटलं, नाही जायचं. मग आता सांगायला हरकत नाही, म्हणाले, आणि तेव्हा कळलं की त्या दिवशी तू माझ्या आधी इथे येऊन गेलीस, याच स्टुलावर बसलीस. मला वाटलं, सांगितलं असशील की त्याला आमच्या घराकडे फिरकू देऊ नका. तसं विचारलं तर मामा म्हणाले, छे, पोरगी घराचं काही बोललीच नाही. एवढंच म्हणाली, त्याला आज एकटं सोडू नका, हाताला काहीतरी काम द्या, जरा अवघडातलं. गणितातही तू मला सगळ्यात अवघड उदाहरण आधी द्यायचीस.

पुढच्या रविवारी तुझं लग्न. मी येणार नाही. तेवढं सांगायलाच हे पत्र. बसथांब्यावरचं माझं वाक्य मी परत घेतो. तुझ्या दादाला सांग, दारात पहारा नको, निवांत पाहुण्यांत बस. पाकिटात लाकडाचा एक पातळ तुकडा आहे, त्याच फळीतून काढलेला, पुस्तकात खूण म्हणून ठेवायला. दोन मिलिमीटर, दोन्ही टोकांना सारखा. तू मोजल्याशिवाय राहणार नाहीस, म्हणून आधीच सांगतो. मामा जेवायला घरी गेलेत. मशीन बंद करून पात्याचा ताण उतरवलाय. काम नसताना तो उतरवून ठेवायचा असतो, हे मला आता माहीत आहे. हे पाकीट टाकायला पोस्टात निघालोय. वर्कशॉपचं दार आपटल्याशिवाय कधी लागायचं नाही. काल बिजागऱ्या काढून नीट बसवल्या. आता बाहेर पडलो की नुसतं ओढून घेतो.

तुझा,
भडका