सहावं काडतूस

प्रिय तात्या,

हे पत्र मी तुमच्या तेराव्यालाच लिहिणार होतो. मग म्हटलं, पाहुणे जाऊ देत. पाहुणे गेले. मग म्हटलं, आधी गोठ्याचा पत्रा नीट करू. तोही झाला. मग लोणंदला पेन आणायला गेलो, तर बाजारात कांद्याच्या ट्रकांची ही रांग! तिथं एक ओळखीचा ड्रायव्हर भेटला, त्याच्यासोबत दोन तास चहा पीत बसलो आणि पेन न घेताच घरी आलो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "ह्येला पान्याला धाडा, ह्यो गावभर हिंडून रिकामी घागर घिऊन येतोय." खरंय तुमचं.

आज मात्र लिहायलाच हवं. उद्या सकाळी आईला घेऊन पोलीस ठाण्यात जायचंय, तुमची एकनळी जमा करायला. बंदूक, लायसनचं पुस्तक आणि घरात असतील तेवढी काडतुसं. म्हणून आईने काल कपाटातून काडतुसांचा पुठ्ठ्याचा डबा काढला. झाकणाच्या आतून तुमचं अक्षर: "एक कमी. म्हादू?"

मी झाकण पालथं केलं.

"काय रं, काय लिव्हलंय?" आईने विचारलं.

"काय न्हाई, कायतरी जुनं हाय," मी म्हटलं.

तात्या, अक्षरं काळ्या शाईची आहेत आणि प्रश्नचिन्ह निळ्या शाईचं. ते नंतर लावलंय. कधी लावलंत? आणि लावल्यावर मला का नाही विचारलंत?

सात वर्षं झाली त्या दिवसाला. मी अकरावीला गटांगळी खाल्ली होती आणि घरात माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं. तुम्ही बँकेच्या दारातली ड्यूटी करून आलात, बूट काढले आणि म्हणालात, "रण्या, रव्यवारी आटपाडीला जायचं. म्हादूकडं. बघू तुजा नेम तरी लागतोय का." मी किती खूश झालो! तुमच्या पलटणीतले म्हादूकाका म्हणजे आमच्या घरातली दंतकथा. एका पोस्टवर, एका स्टोव्हवर, एका रजईत दोन हिवाळे काढलेली माणसं तुम्ही.

मोटारसायकलवर म्हसवड मागे पडलं तशी झाडं कमी होत गेली. मध्ये तुम्ही एका टपरीवर भजी खाऊ घातलीत. तसली भजी मला परत कुठं मिळाली नाहीत, आणि मी बरीच गावं हिंडलोय. असो, भरकटलो.

म्हादूकाकांची मेंढरं रानात होती आणि ते बंद पडलेल्या खाणीच्या काठावर उभे होते. "या हवालदार! पोरगं आनलंय का पोलीस बंदोबस्त?" तुम्ही इतकं हसलात की मी बघतच राहिलो. घरी तुम्ही असं कधी हसायचा नाहीत.

सकाळभर त्यांच्या छर्‍याच्या बंदुकीनं डबे पाडले. तुम्ही माझ्यामागे गुडघ्यावर बसून सांगत होतात, "श्वास आर्धा सोड. घोडा वढायचा न्हाई, दाबायचा. बार कवा झाला त्ये तुलाच कळाय नगं." तुमची दाढी माझ्या कानाला टोचत होती. दहापैकी सात डबे पाडले मी! म्हादूकाका म्हणाले, "गड्या, ह्येला शाळंतनं काढा, मेंढरांवर ठेवा. लांडगं तरी भितील." तिथं लांडग्यांचा फार त्रास होता. आदल्या महिन्यात त्यांची तीन मेंढरं गेली होती.

भाकरी खाऊन झाल्यावर तुम्ही एकनळी बाहेर काढलीत. टॉवेलवर सहा काडतुसं मांडलीत. तिघांना दोन-दोन. माझ्या वयाच्या पोराच्या हातात ती द्यायची नसते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. आयुष्यात मोडलेला तेवढाच एक नियम असेल तुमचा. तोही माझ्यासाठी.

तुमचे दोन झाले, काकांचे दोन झाले. माझा पहिला बार झाला आणि खांद्यावर कुणी पाटा टाकल्यासारखं वाटलं. कान बधिर.  तुम्ही दोघं लक्ष्य बघायला खाली खाणीत उतरलात. वरून तुमची पाठ दिसत होती आणि टॉवेलवर ते एक लाल काडतूस. मला ते परत उडवायचं नव्हतं. बस, एवढंच! "तात्या, भ्या वाटतंय," एवढं म्हणालो असतो तर काय झालं असतं? पण कितीतरी महिन्यांनी, त्या सकाळपासून, मी तुम्हाला आवडत होतो. मी ते उचललं आणि पॅंटच्या चोरखिशात टाकलं. वाटलं, तुम्ही म्हणाल पाचच आणली होती वाटतं.

फौजीला काडतुसांची मोजणी चुकत नाही, हे मला कळायला हवं होतं ना?

"सहावं कुठाय?"

मग आपण तिघं ओणवे होऊन तास-दीड तास गवत चाचपत होतो. बोरीच्या जाळ्या, दगडांच्या फटी. मी पण शोधत होतो, तात्या! माझ्याच खिशातलं काडतूस मी बोटं रक्ताळेपर्यंत गवतात शोधत होतो. तुमचा चेहरा पांढरा पडत चालला होता. हरवलं म्हणून कुठं सांगायचीही सोय नव्हती. बंदूक कुणाच्या हातात होती, हा पहिला प्रश्न आला असता आणि बँकेतली नोकरीही गेली असती.

शेवटी तुम्ही पलटणीत करतात तेच केलंत. आम्हा दोघांना ओळीत उभं केलंत. फायरिंग संपल्यावर तुमच्याकडं प्रत्येक जवान शिकवणार्‍या उस्तादासमोर डिक्लेरेशन देतो की जवळ जिवंत काडतूस किंवा रिकामी पुंगळी नाही, आणि ते दिलं की त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा असतो. मी सावधान उभा राहिलो आणि तुम्ही लहानपणी खेळात शिकवलेलं वाक्य म्हणालो, "मेरे पास कोई जिंदा राउंड या खाली खोका नहीं है, साहब."

तुम्ही मान हलवलीत. झालं. माझा खिसा बघितलाही नाहीत.

म्हादूकाकांनी पण तेच वाक्य म्हटलं, थोडं हसत. आणि तुम्ही त्यांना म्हणालात, "म्हादू, खिसं दाव."

"काय म्हनलास?"

"लांडग्यासाठनं, कुनाच्या तरी बंदुकीत घालाय ठिवलं असशील तर सांग. मी रागावनार न्हाई. पर खिसं दाव."

 काकांनी एकेक खिसा उलटा केला. तंबाखूची पिशवी, चुन्याची डबी, सुतळीचा तुकडा आणि कागदात बांधलेल्या लिमलेटच्या चार गोळ्या. गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या. "तुज्यासाठनं आनल्या हुत्या, रं. द्यायच्या र्‍हाऊन गेल्या." एवढं बोलून ते मेंढरांकडं निघून गेले. तुम्ही हाक मारली नाहीत आणि मी तोंड उघडलं नाही.

येताना गाडीवर तुम्ही एकच वाक्य बोललात: "जाळीत टाकलं असंल त्येनं, मागनं काढून घ्यायला." मी तुमच्या पाठीला धरून बसलो होतो आणि ते काडतूस माझ्या मांडीला टोचत होतं.

तेव्हापासून ते गोठ्याच्या आढ्यावर च्यवनप्राशच्या डब्यात आहे. परवा पत्रा नीट करायला चढलो, ते खरं म्हणजे डबा जागेवर आहे का ते बघायला. आहे. त्याच्याच खाली बसून आई रोज धार काढते. तुम्हाला वाटायचं, मी घरात टिकत नाही कारण माझ्या पायाला भिंगरी आहे. थोडी आहेच. पण पोल्ट्रीच्या गाडीवर असू दे नाहीतर मिरजेत तंबोर्‍याचे भोपळे घासताना असू दे, उन्हाळा आला की माझ्या मनात तेच यायचं. पत्रा तापला तर? कुणी बिडी ओढत गोठ्यात गेलं तर? मी लांबून फोन करून आईला विचारायचो, "गोठा कसाय?" ती हसायची. "माजं न्हाई इचारत, गोठ्याचं इचारतुया!"

आणि मिरजेच्या दवाखान्यातलं ते तर मला सांगवतही नाही. नळ्या लावलेल्या असताना तुम्ही माझं मनगट धरलंत. "म्हाद्याला बोलीव. त्येच्याशी कायतरी बोलायचं हाय." मी बाहेर जाऊन आलो आणि म्हणालो, फोन लागत नाही. तात्या, मी लावलाच नव्हता. काका आले असते आणि तुमच्या पलंगाशी उभं राहून माझ्याकडं बघितलं असतं, तर? तुम्ही दोन दिवस दाराकडं बघत होतात. मी दुसर्‍यांदा खोटं डिक्लेरेशन दिलं आणि तुम्ही दुसर्‍यांदा ते खरं मानलंत.

का मानलं असेल बरं? की मानलं नव्हतं? त्या निळ्या प्रश्नचिन्हाचं मला हेच भ्या वाटतंय. तुम्हाला माफी मागायची होती, की माझ्याबद्दल काही सांगायचं होतं? तुम्ही मला एकदा खिसे उलटे करायला लावायला हवे होते, तात्या. पोराचा शब्द इतका धरून का बसलात!

तर वचन देतो. उद्या पोलीस ठाण्यात सहावं काडतूस मी स्वतः टेबलावर ठेवीन. काय म्हणतील, काय करतील, माहीत नाही. पण ठेवीन. तिथून सोडलं की आटपाडीची गाडी पकडीन, मध्ये कुठंही चहाला न थांबता, आणि म्हादूकाकांच्या पुढं सावधान उभा राहून खरं डिक्लेरेशन दे

थांबा. आई अंगणातून ओरडतेय. "रण्याऽ, आरं भायेर ये! बघ तरी कोन आलंय! आटपाडीचं म्हादूभावजी!"

खिडकीतून दिसतायत. केस पार पांढरे झालेत. खांद्यावर घोंगडं, हौदापाशी पाय धुतायत. आईला सांगतायत, मेंढरं घेऊन आलेल्या कुणाकडून तुम्ही गेल्याचं काल कळलं. आता विचारतायत, "पोरगं कुटं हाय?"

तात्या, तो डबा आत्ताच खाली काढायला हवा. आढ्यावर चढायला शिडी लागते आणि शिडी कुणीतरी धरावी लागते. त्यांनाच हाक मारतो.

तुमचा,
रणजित