एकाच पिपाची दारू

ता. ४ मार्च १९३६, निपाणी
सौ.च्या भावाचा, बेळगावच्या वकिलाचा, निरोप. विलायतेला परत निघालेल्या कुणा गोऱ्या साहेबानं त्याला व्हिस्की दिली. एकाच पिपातली म्हणे, दुसऱ्या पिपाचा थेंब न्हाय. घरी चार जणांना चव द्यायची हाय. "दाजी, तुमच्या नाकाशिवाय मजा न्हाय." आत्ता कळली व्हय रं किंमत? मी जन्मभर एका शेताची तंबाखू दुसऱ्या शेताच्या तंबाखूत मिसळू दिली न्हाय, तवा फिदीफिदी हसायचास. पडसं होतं ते गेलं. सौ.ला घेऊन जाणार.

ता. ८, टिळकवाडी, बेळगाव
काय तो थाट! सासूबाई माळकरी, घरातला पेला देईनात. मग औषध मोजायच्या काचेच्या पेल्या आणल्या, नि व्हरांड्यात बसून शहाणे त्यातनं प्यायले. डोळे मिटून, माना डोलवत. एक म्हणे धूर. दुसरा म्हणे मध. तिसरा, ओली माती. लेकाचे ढोंगी! गाढवाला गुळाची चव काय!

मग माझी पाळी. सगळे माझ्या नाकाकडं बघायला लागले. पेली नाकाशी धरली. काहीच न्हाय. घोट घेतला, घसा जळाला, बास. म्हटलं, "कडू पाणी हाय. साहेबानं गंडवलं तुला." वकिलाचं तोंड एवढंसं झालं. लई बरं वाटलं. "मग न्याच तुम्ही हे पाणी," म्हणून उरलेली बाटली माझ्या पिशवीत कोंबली त्यानं.

ता. ९, निपाणी
मोटारीत सौ. म्हणाली, "मला आत माजघरात वास आलता. चुलीतल्या ओल्या लाकडाच्या धुराचा. तुम्ही पाणी कसं म्हणालात?" बायकांना दारूतलं काय कळतंय! गप ऱ्हा म्हटलं.

ता. ११
सकाळी सोप्यात बसलो होतो. सौ. परड्यातनं धावत आली. "अहो, दूध करपलं, घरभर वास सुटलाय, नि तुम्ही इथंच बसलाय!" म्हटलं, पडसं हाय. "पडसं कवाच गेलं," म्हणाली, नि माझ्याकडं बघतच राहिली.

ती आत गेल्यावर बाटली उघडून हुंगली. पाणी. तंबाखूचं पान चुरगाळून नाकाशी धरलं. पाचोळा. लई भ्यालो. ह्या वहीत तरी खोटं कशाला? मी नाक लावल्याशिवाय वखारीत ढिगाचा भाव ठरत न्हाय. ह्या नाकावर घर उभं हाय.

ता. १५
रोज बाटली हुंगतो. काही न्हाय. परवा हंगामातला पहिला ढीग. ते अडते, एक नंबरचे मठ्ठ, पान उलटं धरलं तरी कळायचं न्हाय त्यांना. पण माझी चूक बरोबर कळंल. सौ. म्हणाली, "मी येते संगं. पान मी हुंगते, भाव तुम्ही सांगा." वखारीत बायकोचं नाक! सगळी निपाणी हसून मरंल. ओरडलो तिच्यावर.

ता. १७, सकाळ
बाटली हुंगली. आज काहीतरी आलं. धूर. का त्या ढोंग्यांनी धूर म्हटलं होतं म्हणून वाटला? परत हुंगली. न्हाय. परत. व्हय, हाय काहीतरी... काय सांगता येईना.

वखारीत जायला दारात टांगा आलाय. सौ. चांगलं लुगडं नेसून, चपला घालून उंबऱ्यात उभी हाय. माझ्याकडं बघंना, काही विचारंना. ये म्हटलं न्हाय अजून. नको म्हणूनबी न्हाय.