सगळ्यांना विचारलंस, मला सोडून

प्रिय शेंडेफळ,

पत्र बघून दचकू नकोस, कुणालाही काही झालेलं नाही. फोन सोडून ताईला हे काय सुचलं, असं म्हणशील. फोनवर तू एकदा लाडात येऊन 'ताई' म्हणालीस की मी कशालाही हो म्हणून बसते आणि मग आठवडाभर स्वतःवर चरफडते. सध्या एवढंच कारण पुरे, बाकीचं पुढे येईल. शिवाय फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. इथे निदान शेवटपर्यंत ऐकावं लागेल. मधली पानं गाळून शेवटावर उडी मारशील, तुझा काही नेम नाही, पण तसं करू नकोस.

इकडचं म्हणशील तर बरं चाललंय. हॉस्पिटलात मला तळमजल्यावरच्या चौकशीच्या खिडकीत हलवलंय. काचेला एक गोल भोक आहे, त्यातून दिवसभर लोक काही ना काही विचारत असतात. एक्स-रे कुठे, लिफ्ट कुठली, डॉक्टर आले का, भेटायची वेळ संपली का. काल एका आजोबांनी विचारलं, माझी बायको कुठे आहे हो? ती त्यांच्या मागेच उभी होती, कमरेवर हात ठेवून. संध्याकाळी घरी येते तेव्हा माझा घसा बसलेला असतो. दिवसभर इतकं कुणी मला विचारतं, पण त्यात मला काय वाटतं हे विचारणारा एकही नसतो. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाहीये. बरं, तक्रार म्हणूनच लिहितेय.

तर मुद्द्याचं. मला तुझा हेवा वाटतो. लिहून टाकलं, सुटले. तुझ्या नव्या फ्रॉकचा वाटायचा तसा नाही, तो दोन दिवसांत ओसरायचा. हा गेले दोन महिने माझ्या मानगुटीवर बसलाय, तुझं मतदार यादीत नाव आलं त्या दिवसापासून.

आठवतंय ना, तू वर्गातल्या सगळ्यांना विचारत सुटली होतीस की पहिलं मत कुणाला द्यायचं हे तुम्ही कसं ठरवलं. तुझ्या बाकावरची ती उंच मुलगी म्हणाली, आमच्याकडे मामा सांगतो, मामाला सगळं कळतं. दुसरीने मोबाइलवर एका पुढाऱ्याची भाषणं बघितली होती. त्यातलं नेमकं काय पटलं ते तिला सांगता येईना, पण बोलतो छान. एकजण म्हणाला, निवडून येणाऱ्यालाच देणार, मत वाया कशाला घालवायचं. आणि तो व्यायामशाळेतला मुलगा वडिलांच्या पक्षाविरुद्ध देणार होता, कारण वडिलांनी त्याला मोटरसायकल घेऊ दिली नव्हती. हे सांगताना तू आणि ऐकताना मी, आपण दोघी किती हसलो. हसता हसता मी वाट बघत होते की आता तू म्हणशील, आणि ताई, तू गं कसं ठरवलं होतंस? तू म्हणालीस, चल ठेवते, बाबा बोलावतायत.

बाबा बोलावत होते, कारण तुमचा खेळ सुरू व्हायचा होता. त्या खेळाचं मला आईकडून सगळं कळतं, तिला तर रविवारी फोनवर दुसरा विषयच नसतो. तू म्हणे दोन्ही पक्षांचे जाहीरनामे आणलेस. नाव, चिन्ह, फोटो दिसेल तिथे आपल्या चष्म्याच्या दुकानातल्या नंबर लिहायच्या पांढऱ्या चिठ्ठ्या चिकटवल्यास, आणि चक्क बाबांना तपासणीच्या खुर्चीत बसवलंस. त्यांच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवलीस, जिच्यात ते गिऱ्हाइकांना काचा बदलून बदलून दाखवतात. वर त्यांच्याच आवाजात विचारलंस, पहिलं बरं की दुसरं? पाण्याचं वाचलंस, शाळांचं वाचलंस, लहान दुकानांच्या कराचं वाचलंस. बाबा डोळे मिटून ऐकत राहिले आणि जवळजवळ दर खेपेला आपला पक्ष सोडून समोरच्या पक्षाचंच बरं म्हणत गेले. चिठ्ठ्या काढल्यावर आईला वाटलं, आता हा माणूस दुकान डोक्यावर घेणार. आणि बाबा म्हणाले, परत वाच, मी नीट ऐकलं नव्हतं.

परत वाच! आपले बाबा! आई हे सांगत होती तेव्हा मी भाजी चिरत होते, सुरी बाजूला ठेवावी लागली.

मग तुला चेव चढला आणि तू दुकानात येणाऱ्यांवरही प्रयोग करायला लागलीस. त्या निवृत्त मुख्याध्यापकांचं तर आईने मला तीनदा सांगितलं. ते बिचारे खरोखरच नंबर तपासायला बसलेले, डोळ्यांवर फ्रेम. तू शेजारी उभी राहून रस्त्यांची दोन वचनं वाचलीस आणि विचारलंस, पहिलं की दुसरं? त्यांना वाटलं, हा तपासणीचाच नवा प्रकार आहे. नीट विचार करून म्हणाले, दुसरं जरा धूसर आहे, पहिलं पुन्हा दाखवा बरं. बाबा इतके हसले की त्यांना स्टुलावर बसायला लागलं. मी लहानपणापासून त्या दुकानात काचा पुसल्या, फ्रेमचे स्क्रू आवळले, दुपारी बाबा जेवायला गेले की गल्ल्यापाशी बसले. मी त्यांना दुकानात असं हसताना कधी बघितलेलं नाही.

मी अठराची झाले तेव्हा तू तिसरीत होतीस, तुला आठवणार नाही. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी दुकान बंद करताना मी बाबांना विचारलं होतं की आपण नेहमी त्याच पक्षाला मत का देतो. उद्धटपणे नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून. ते कुलूप लावता लावता म्हणाले, मोठी झालीस की कळेल. म्हणजे बघ, मत देण्याइतकी मोठी झाले होते, कारण कळण्याइतकी झाले नव्हते. सकाळी दारात चिन्ह सांगितलं, या घरातली मतं फुटत नाहीत म्हणाले, आणि मी गेले, बटण दाबलं, आले. येताना तुझ्यासाठी खोडरबर आणला. गंमत ही की हाच माणूस दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा, पहिलं बरं की दुसरं, घाई नाही, सावकाश सांगा. गिऱ्हाइकाच्या तोंडात आपण उत्तर घालायचं नाही, नाहीतर नंबर चुकतो, हे तर मला त्यांनीच शिकवलं.

सासरी काय वेगळं असणार? सासरे निवडणूक लागल्यापासून टीव्हीसमोरून हलत नाहीत, आणि घरातल्यांनी कुणाला द्यायचं ते त्यांनी जेवताना जाहीर करून टाकलंय. तुझे भावजी मला नंतर म्हणाले, तुला हवं त्याला दे गं. मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले. मोकळीक दिली, मी नाही म्हणत नाही. पण कुणाला देणार आणि का, हे काही विचारलं नाही. मी मान डोलावली आणि ओटा पुसायला घेतला.

आणि तू! तू दूधवाल्याला विचारलंस. शिवणवाल्या बाईंना विचारलंस, त्यांनी तुला तासभर बसवून घेतलं. आईलासुद्धा विचारलंस, तिने म्हणे नुसतं हसून विषय बदलला. काकाकडे जाऊन आलीस, ज्याने समोरच्यांना मत दिल्याचं नुसतं कानावर आलं तर बाबांनी त्याच्याशी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं. गल्लीतलं एक माणूस सोडलं नाहीस. सख्खी बहीण तेवढी राहिली. ताईला काय विचारायचं, ती बाबा सांगतील तेच करणार, असंच ना? मला राग येतो तो याचा, की तुझं फारसं चुकलेलंही नाही.

गेल्या रविवारी बाबा स्वतः फोनवर आले. एरवी 'बरी आहेस ना' म्हणून आईकडे देतात. त्या दिवशी चांगला अर्धा तास बोलले. धाकटी काय म्हणते माहितीये का, धाकटीने ते शाळांचं काय शोधून काढलं माहितीये का. तुझ्याशी वाद घालायचा म्हणून ते आता पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात म्हणे, आणि तुला उत्तर सापडलं नाही की त्यांना काय आनंद होतो. मी हं हं करत होते. मला वाटलं, आता विचारतील, तुमच्याकडे काय वारं आहे? तुझं काय म्हणणं? मी उत्तर तयारसुद्धा करून ठेवलं होतं. ते म्हणाले, घे, आईशी बोल.

आणि परवा तुझा फोन आला. तुझं ठरलंय. बाबांच्या पक्षाला नाही, समोरच्यांना. सगळं वाचून, विचारून, तोलून ठरवलंयस, आणि आता बाबांना सांगायची भीती वाटतेय. खेळ वेगळा आणि खरं मत वेगळं, काकासारखं माझ्याशीही बोलणं टाकलं तर, असं म्हणून तू रडवेली झालीस. मग नेहमीचं अस्त्र काढलंस, 'ताई, तूच सांग ना त्यांना.' मी हो म्हणून गेले. खरं सांगू? तू रडवेली झालीस तेव्हा मला आत कुठेतरी गार वाटलं. म्हटलं, बरं झालं, आता कळेल हिला. इतकी जळते मी तुझ्यावर.

म्हणूनच हे पत्र. तो हो मी परत घेतेय. मी नाही सांगणार. काच फोडलीस तेव्हा मी सांगितलं, गणितात नापास झालीस तेव्हा मी सांगितलं, तुझ्या वाटणीचं ओरडणंही मीच खाल्लं. पण हे मी सांगितलं तर ते फक्त चिडतील आणि फोन आईकडे देतील, कारण माझ्याशी याहून जास्त काही बोलायची त्यांना सवयच नाही. तू सांगितलंस तरी चिडतील. आवाज चढवतील, खुर्ची सरकवतील. पण तुझ्यासमोरून उठून जाणार नाहीत, भांडत बसतील, हे मला इथे बसून दिसतंय. ते सगळं तुझं आहे, ते मी मध्येच उचलून घेणार नाही, आणि खरं तर मला ते झेपणारही नाही. रविवारी जेवणं झाली की सांग. त्याआधी मला फोन लाव आणि फोन तसाच चालू ठेवून टेबलावर पालथा ठेव. मी एक शब्द बोलणार नाही, खोकणारसुद्धा नाही. बाबा आपल्या मुलीशी वाद घालतात तेव्हा कसे बोलतात, ते मला एकदा ऐकायचंय.

तुझीच,
जळकुकडी ताई