मंजुळाबाईची मशीन

हर्षलच्या बाबाले पुण्याहून वत्सलाचा नमस्कार.

मी बरी आहो. नातू रांगाले लागला. तुम्ही येळेवर जेवता ना?

घरी फोन केला तर शेजारची मंजुळाबाई उचलते, म्हून चिठ्ठी लिहून राह्यली. ती रोज तुमच्या दंडाले पट्टा बांधून बीपी मोजते म्हणे. काऊन? तुमचे हात मोडले काय?

ठोके चुकल्याची खूण मशीनवर तीनदा आली, हे मले तिनं सांगावं! बत्तीस वर्षं तुमच्या छातीवर डोकं ठेवून झोपली, मले ऐकू आलं नाही. तिच्या मशीनले मिनिटात समजलं.

उद्याच बुलढाण्याले जाऊन ईसीजी काढा. पुतण्याले न्या, तिले नाही.

शुक्रवारी मी येऊन राह्यली. नवी मशीन घेतली. आता तुमचे ठोके मीच मोजीन.

तुमचीच,
वत्सला