रडण्याविरुद्धचं माझं भाषण

निपाणी, ता. १२ ऑक्टोबर १९३६

ती. चंदनाक्कास, धाकट्या बाळगोंडाचा साष्टांग नमस्कार. 'इकडे सर्व क्षेम' असं हाताने सवयीने लिहिलं होतं, ते खोडलं आहे. तुझा गुडघा कसा आहे? परवा ब्राह्मीच्या दुखवट्याला आलीस तेव्हा विचारायचं राहिलं. (बायको गेल्यावर माणूस विसराळू होतो, असं दिसतं.)

दोन वर्षांपूर्वी दाजी वारले तेव्हा तुझ्या सोप्यात मी ठोकलेलं भाषण तू विसरली नसशील. साऱ्या संकेश्वराला ते आठवतं. युरोपातल्या जुन्या बुद्धिवाद्यांचं तत्त्वज्ञान कॉलेजात शिकून मी नुकताच शहाणा झालो होतो. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन काटकोन यावी तितक्या अटळपणे जगात सारं घडतं, दुःख म्हणजे अर्धवट ज्ञान, कारण नीट कळलं की रडायला जागाच उरत नाही, असं मी रडणाऱ्या बायकांना तासभर समजावलं. तू पदराने डोळे पुसलेस आणि पुन्हा रडली नाहीस. मला वाटलं, तुला पटलं. घरी येऊन ब्राह्मीला फुशारकीने सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "भावापुढं गप बसली असंल ती."

आता ब्राह्मीच गेली. बायका आल्या, शाळा तपासायला आलेल्या साहेबांसारख्या ओळीने बसल्या आणि कोरड्या डोळ्यांनी उठून गेल्या. शेवटी शेजारच्या बायाक्काला मीच विचारलं. ती म्हणाली, "मास्तर, तुमास्नी रडलेलं चालत न्हाय. लई दाटून आलतं, पर गिळलं." तूही तशीच बसलीस आणि दुपारच्या मोटारीने गेलीस. मग मी माझं शास्त्र बाहेर काढलं, वहीत कारणं मांडली. न्यूमोनिया झाला, कारण ती भिजली. भिजली, कारण शेतावर एकटी गेली. एकटी गेली, कारण मी वाचत बसलो होतो. तिथे वही मिटली. कारण अगदी स्वच्छ कळलं आहे आक्का, आणि त्याने काडीचाही उपयोग झालेला नाही. रडू मात्र फुटत नाही. कांदा चिरून पाहावा म्हटलं, तर आपलं जैनाचं घर, ब्राह्मीने तो कधी आत येऊ दिलेला नाही.

तुझा,
बाळगोंडा

ता. क. पत्र गुडघ्यासाठी लिहिलेलं नाही. रविवारी ये आणि मोठ्याने रड. बायाक्कालाही सांगून ठेवलं आहे. तुम्ही सुरू केल्याशिवाय मला जमेलसं वाटत नाही.

आणखी एक. दाजींसाठीचं तेव्हा मी अडवलं होतं. आधी ते रड, ब्राह्मीचं त्यानंतर. मी मध्ये बोलणार नाही.