तळाचं घट्ट, वरचं पातळ

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (कोपरापासून नव्हे, चांगला कंबरेत वाकून. कंबर अजून वाकते, हे कळवायला आनंद वाटतो.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला गेला की अजून पाहुणचार घेतोय? माझी मात्र अजिबात काळजी करू नकोस. बदली होऊन तीन महिने झाले, खोली हवेशीर आहे, स्टोव्ह नवा आहे, दोन्ही वेळा स्वतः रांधून पोटभर जेवतो. खाण्यापिण्याची काडीची आबाळ नाही. हे वाक्य भाऊजींना मोठ्याने वाचून दाखव, म्हणजे ते पुन्हा डबा पाठवायचा विषय काढणार नाहीत.

आता लिहायला बसलोय ते कशासाठी, तर गेले आठ दिवस मी एका शाळेच्या स्वयंपाकघरात काढले आणि तिथे जे पाहिलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. इथे सांगायला भिंती आहेत, पण त्या शेजाऱ्यांच्याही आहेत. तुला माहीतच आहे, आमचं खातं शाळांतल्या जेवणाचं धोरण ठरवतं. धोरणाचं सातवं कलम म्हणतं की प्रत्येक मुलाला दुपारी एक पाव आणि दोनशेवीस ग्रॅम रस्सा मिळाला पाहिजे. ना कमी, ना जास्त. तर एका पालकाची निनावी तक्रार आली की अमुक शाळेतली वाढपीण पक्षपात करते, माझ्या मुलाला पातळ पाणी आणि दुसऱ्यांना घट्ट. आमचे मोठे साहेब (तेच, तू शाळेत शिकवायचीस तेव्हा तुझ्या वर्गात अंगठे धरून उभे राहायचे ते) म्हणाले, जा आणि सोक्षमोक्ष लाव. तक्रार खरी निघाली तर बाईंना काढायचं आणि त्यांच्या जागी वाढायचं यंत्र बसवायचं. यंत्र आधीच येऊन पडलं होतं. शाळेच्या व्हरांड्यात त्याचं खोकं होतं आणि पोरं त्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती.

मी वजनकाटा बगलेत मारून गेलो. डोक्यावर स्वयंपाकघरातली कागदी टोपी, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर खात्याचा दरारा. पहिल्याच दिवशी तो दरारा रश्श्यात पडला, कारण मी पातेल्याच्या वाफेसमोर चष्मा घालून उभा राहिलो आणि आंधळ्यासारखा ओळखपत्रासकट वाकलो. वाढणाऱ्या बाईंनी, ज्यांना सगळी शाळा मावशी म्हणते, ते ओळखपत्र चिमट्याने बाहेर काढलं आणि पुसून माझ्या हातात दिलं. माझ्या फोटोवर एक वाटाणा चिकटला होता. (फोटोत मी पहिल्यांदाच जरा गुटगुटीत दिसलो.) मग मी रांगेतली प्रत्येक वाटी काट्यावर ठेवायला सुरुवात केली. विसाव्या वाटीपर्यंत रस्सा गार झाला, चाळिसाव्या वाटीला घंटा झाली, आणि मागच्या अडीचशे पोरांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी पाचावर धारण बसली. दुसऱ्या दिवशीपासून मी दहा वाट्यांआड एक वाटी तोलायचं ठरवलं.

पण ताई, वजनं ऐक. दोनशेवीस. दोनशेएकोणीस. दोनशेवीस. दोनशेवीस. दोनशेएकवीस. लांब दांड्याचं एक जुनं ओगराळं, त्यावर ना खूण ना आकडा, आणि मावशी पातेल्याकडे बघतसुद्धा नाहीत! तीनशे पोरं चाळीस मिनिटांत वाढून होतात आणि शेवटच्या वाटीबरोबर पातेलं रिकामं होतं. मी तोंडात बोट घातलं. (आधी धुतलं होतं. नववं कलम.) आमच्या कचेरीतला काटा दर महिन्याला दुरुस्तीला जातो आणि ही बाई तीस वर्षं मनगटाने तोलते आहे.

झालं, तक्रार खोटी, असं लिहून मी सुटलो असतो. पण तुझा भाऊ किती चिकित्सक स्वभावाचा आहे हे तुला नव्याने सांगायला नको. तक्रारीत वजनाचा शब्दच नव्हता, पातळपणाचा होता. म्हणून मी खात्याकडे रीतसर अर्ज करून एक गाळणी मागवली. ताई, भर जेवणघरात एखाद्या पोराची वाटी घेऊन ती गाळणीत ओतणारा सरकारी माणूस कसा दिसतो, याची कल्पना कर. एक लहानशी मुलगी रडायलाच लागली. तिची समजूत घालायला मी माझा पाव दिला, तर मागून आणखी चार जणी रडत आल्या.

आणि गाळणीने घात केला. वजन तेच दोनशेवीस, पण कुणाच्या वाटीत बटाटे-वाटाण्यांचा ऐवज नव्वद ग्रॅम, तर कुणाच्या वाटीत दीडशे! म्हणजे मावशी ओगराळं कधी वरच्यावर फिरवतात, कधी तळाशी नेतात, आणि तेही अशा सफाईने की डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्या मलाही कळलं नव्हतं. मी तक्ते मांडले. मावशींच्या नात्यातली मुलं? नाही. शिक्षकांची? त्यांना तर पातळ. बरं, जिला सोमवारी दीडशे, तिलाच बुधवारी नव्वद. तीन दिवस डोकं खाजवून मी हात टेकले आणि सरळ मावशींनाच विचारलं.

त्या घाबरल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "साहेब, तुम्ही कायम त्या बाजूला उभे राहता. जरा माझ्या बाजूला या." मी पातेल्यामागे गेलो. "आता वाट्या नका बघू, डोळे बघा. जेवून आलेलं पोर माझ्या तोंडाकडे बघतं. उपाशी पोर पातेल्याकडे बघतं."

ताई, मी पाहिलं, आणि अंगावर काटा आला. एवढी साधी गोष्ट! कुणी गप्पा मारत, हसत, मावशींना चिडवत वाटी पुढे करत होतं. आणि मध्येच एखादं पोर यायचं, त्याची नजर पातेल्याच्या काठावरून हलायची नाही. तिथे ओगराळं तळाशी जायचं. वजन दोनशेवीसच, वाटी तीच, रांग तीच, शेजारच्याला पत्ता नाही, आणि त्या पोरालाही नाही. मावशी म्हणाल्या, सोमवारी या, दोन दिवसांच्या सुट्टीनंतर निम्मी रांग पातेल्याकडे बघते.

मी म्हटलं, अहो पण गरजू मुलांना जादा वाटीची सोय आहेच की, अकरावं कलम, पिवळं कार्ड! तेव्हा मावशींनी ओट्याखालचा खण उघडला. आत एकतीस पिवळी कार्डं होती. कार्ड दाखवून जादा मागायला पोरांना इतकी लाज वाटायची की त्यांनी जेवणाच्या रांगेत यायचंच सोडलं होतं. कार्डं कुणी बाकाखाली टाकली, कुणी नळामागे. मावशींनी ती वेचून आणली, पुसून ठेवली, आणि त्या दिवसापासून हे ओगराळ्याचं काम सुरू केलं. ताई, ते पिवळं कार्ड कुणाच्या डोक्यातून निघालं होतं, ठाऊक आहे? माझ्या. लांबूनही उठून दिसावं म्हणून पिवळा रंग, असं मी टिपणात लिहिलं होतं आणि त्याबद्दल शाबासकीही घेतली होती. त्या खणापुढे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशींना मी हे सांगितलं नाही. मला धीरच झाला नाही.

आम्ही एवढी शिकलेली माणसं वर्षभर पंख्याखाली बसून समान वाटपाचं धोरण लिहितो, आणि ही बाई घाम पुसत रोज तीनशे वेळा, एका मनगटाच्या वळणात, ते करून दाखवते. देवाशप्पथ सांगतो, मोठमोठी यंत्रं पाहिली, पण असं काही पाहिलं नव्हतं. यंत्र सगळं ढवळून सारखं ओतेल, ताई. यंत्राला डोळे कुठे आहेत?

अहवाल मंगळवारी द्यायचा आहे. वजन समान, असं लिहिलं तर ते खरंच आहे. पण गाळणी मी रीतसर अर्ज करून मागवली होती ना, त्यामुळे साहेब रोज विचारतात, गाळणीचं काय झालं? तक्ता दिला तर मावशी जातील, आणि ती एकतीस कार्डं पुन्हा बाहेर निघतील. तक्ता लपवायची माझ्यात हिंमत नाही, द्यायची तर त्याहून नाही. असो. तू वाचून विसरून जा. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
काडीपैलवान

ता. क. विसरू नकोस. साहेब माझं ऐकत नाहीत, पण तुझं नाव निघालं की अजून खुर्चीत ताठ बसतात. त्यांना आजच दोन ओळी लिही. म्हणावं, सोमवारी दुपारी त्या शाळेत जाऊन पातेल्यामागे उभा राहा, आणि सकाळी काही न खाता जा. कारण देऊ नकोस. तू कधीच द्यायची नाहीस.

आणखी एक ता. क. बाराव्या कलमाप्रमाणे तपासनिसाने रोज एक वाटी खाऊन बघायची असते. काल सगळे गेल्यावर मी माझी वाटी गाळून पाहिली. एकशेसाठ ग्रॅम. सबंध शाळेत सगळ्यांत घट्ट. म्हणजे आठ दिवस मी कुठे बघत होतो ते मावशींना पहिल्या दिवशीच कळलं असणार. वर स्टोव्हबद्दल जे लिहिलंय ते भाऊजींना वाचून दाखवलं असशील तर असू दे. स्टोव्हवर चहा मात्र खरंच होतो. डबा पाठवायला हरकत नाही.

शेवटचा ता. क. आई कामावरून यायच्या आत तू आपल्या दोघांना वाढायचीस. माझ्या वाटीत कायम घट्ट, तुझ्या वाटीत कायम वरचं पाणी, आणि तू म्हणायचीस, मला पातळच आवडतं. मी चाळीस वर्षं ते खरं मानलं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तुझ्याकडे आलो होतो तेव्हा तू पातेल्याच्या तळाशी पळी घालून स्वतःला घट्ट वाढून घेतलंस. मी मनात म्हटलं, वयाप्रमाणे माणसाची आवड बदलते. ताई, तुला पातळ कधी आवडतच नव्हतं ना?