धूलिव्याधीचा रिपोर्ट

५ जानेवारी १९७३
आजपासून महत्कार्यास आरंभ. संस्थेच्या ओतशाळेतील साचेकार चाँदपाशा वीस वर्षे वाळूचे साचे घालतो आणि वर्षभर खोकतो आहे. त्यास गेटवर पहारेकरी नेमावे की कसे, हे संचालक मंडळ ३१ मार्चला ठरवणार. तत्पूर्वी ओतकामातील व्याधींवरील ग्रंथ धुंडाळून रिपोर्ट लिहिण्याचे काम चिटणीस या नात्याने अस्मादिकांकडे. योग्य निवड. संकल्प: रोज पंचवीस पाने.

२ फेब्रुवारी
पुण्याहून तीन इंग्रजी ग्रंथ आले. कव्हरे घातली. वाचन उद्यापासून.

११ फेब्रुवारी
प्रस्तावना अश्मयुगापासून धरली. चाँदपाशा दारात उभा.
“सायेब, माझा खोकला कोणत्या पानावर आलाय?”
सध्या ताम्रयुग चालू असल्याचे सांगितले. त्याने मान डोलावली. संस्था रोज पाळी सुटताना गुळाचा खडा देते, त्याने छातीतली धूळ उतरते, असे तोच म्हणाला. तिन्ही ग्रंथांच्या सूचीत गुळाचा उल्लेख नाही. पाश्चात्त्यांचे अज्ञान.

३ मार्च, दुपार
अखेर उपायांचे प्रकरण उघडले. तिन्ही ग्रंथांचे एकमत: जमीन ओली ठेवा, धूळ उडू देऊ नका. इकडे दुष्काळात पाण्याचा टँकर चौथ्या दिवशी. चाँदपाशाची बायको सायराबी पहाटेपासून रांगेत. ओतशाळेतील पाणी शिंपडणे दिवाळीपासून बंद आहे, तसे परिपत्रक आहे. सही आमची. भाषा निर्दोष.
डोके दुखते. वाचन स्थगित.

३१ मार्च
रिपोर्ट पृष्ठे चौऱ्याऐंशी. चाँदपाशा शेवटच्या दोन पानांत. अध्यक्ष वीरभद्रअप्पा म्हणाले, भाषा लई भारदस्त. रिपोर्ट सर्वानुमते मंजूर: धूळ प्राणघातक आहे. सबब ओतशाळेच्या आवारातील ऑफिस तातडीने गावातील इमारतीत हलवावे. ऑफिस गेल्यावर गेटवर राखायचे काय उरते, म्हणून पहारेकऱ्याची जागा रद्द. गुळाचा खडा दुप्पट.
आम्ही बोलणार होतो. तेवढ्यात आभारप्रदर्शन झाले.

२ एप्रिल
नव्या ऑफिसात स्थलांतर. ग्रंथांची पेटी चाँदपाशानेच डोक्यावरून आणली. वाटेत तीनदा खाली ठेवली. पाणी विचारले, तर नको म्हणाला.
“बरं झालं, सायेब. तुमी तरी सुटलाव.”
तो पाळीवर परत गेला. वळणापर्यंत खोकला ऐकू येत होता.
इथे हवा उत्तम आहे.